विहीर, संडासाची टाकी आणि नत्राचा हिशेब

कोकणात नवे घर बांधायला घेतलेला माणूस विहिरीच्या जागेसाठी पाणाड्याला बोलावतो, त्यावर आणखी एखाद्या जाणत्याचे मत घेतो, घराच्या चौथऱ्याची उंची पुन्हा पुन्हा बदलून पाहतो. पण संडासाची टाकी आणि तिच्या पुढचा शोषखड्डा यांची जागा बहुतेक वेळा गवंडी ठरवतो, आणि तीही काम संपत आल्यावर, जो कोपरा उरला असेल त्या कोपऱ्यात. सिंधुदुर्गात घरांच्या पाणीपुरवठ्याची आणि सांडपाण्याची कामे करताना हे मी इतक्यांदा पाहिले आहे की ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते तिच्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. ती गोष्ट म्हणजे सांडपाण्यातले नत्र. दुर्गंधीविषयी, डासांविषयी, जंतूंविषयी लोक आपणहून विचारतात. नत्राविषयी कोणी विचारत नाही, कारण विहिरीत पोचलेल्या नत्राला रंग नसतो, वास नसतो आणि चवही नसते.

डाळ, मासे, दूध, भात यांतल्या प्रथिनांबरोबर नत्र आपल्या शरीरात येते आणि वाढत्या वयाची मुले सोडली तर जेवढे आत येते जवळजवळ तेवढेच बाहेर पडते. भारतीय आहार धरून केलेला अंदाज वर्षाला माणशी पावणेतीन किलोच्या आसपास आहे. यातला चार-पंचमांशाहून अधिक भाग लघवीतून जातो, उरलेला विष्ठेतून. घरातून दिवसभरात जेवढे सांडपाणी बाहेर पडते त्यात लघवीचा वाटा आकारमानाने एक टक्क्याच्या आसपास असतो, आणि तरीही नत्राचा मोठा साठा त्या एका टक्क्यातच असतो. आंघोळीच्या, कपड्यांच्या आणि भांड्यांच्या पाण्यात नत्र फारच थोडे असते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावापासून पुढे राज्यभर पोचलेले, मोरीच्या सांडपाण्यासाठीचे शोषखड्डे म्हणूनच नत्राच्या दृष्टीने फारसे धोक्याचे नाहीत. त्यांनी गटारे आणि डास हटवले, आणि ते काम चोख आहे. अडचण सुरू होते ती त्याच पद्धतीच्या खड्ड्यात आपण संडासाच्या टाकीचे पाणी सोडतो तेव्हा.

टाकीत नेमके काय होते ते झाकण उघडल्याखेरीज समजत नाही. चांगली चाललेली टाकी उघडली तर वर तपकिरी, भेगाळलेली साय दिसते. तेल, साबण आणि वर तरंगणारे जे काही असेल ते तिथे जमते. काठी घालून ती साय बाजूला सारली की खाली राखाडी, गढूळसर पण घन पदार्थ नसलेले पाणी लागते, आणि त्याच्या तळाशी काळा, मऊ गाळ. पुढे जाते ते मधल्या थरातले पाणी. टाकीत हवा नसल्यामुळे तिथल्या जिवाणूंचे काम गाळ कुजवण्यापुरते असते. नत्राच्या बाबतीत ते एकच करतात: लघवीतला युरिया फोडून त्याचे अमोनियम करतात. थोडेसे नत्र गाळात अडकते आणि उपशाबरोबर जाते. बाकीचे सगळे पाण्यात विरघळलेले राहून पुढच्या पाइपातून निघून जाते. चार माणसांचे घर दिवसाला चारशे लिटर पाणी टाकीत सोडत असेल तर बाहेर पडणाऱ्या दर लिटरमध्ये सत्तर मिलिग्रॅमच्या आसपास नत्र निघते. टाकी मोठी बांधली, तीन कप्प्यांची केली, महागडी प्लास्टिकची बसवली, तरी या आकड्यात फारसा फरक पडत नाही. टाकी घन पदार्थ अडवण्यासाठी आहे आणि ते काम ती करते. नत्र काढणे हे तिचे काम कधीच नव्हते.

शोषखड्ड्यातून पाणी मातीत उतरले की तिथे हवा मिळते आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू कामाला लागतात. ते अमोनियमचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे काम जिवाणूंचे आहे हे विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिले. अमोनियम मातीच्या कणांना चिकटून राहते, पण नायट्रेटला माती फारसे धरून ठेवत नाही. ते पाण्याबरोबर चालत राहते, पाणी जिथे जाईल तिथे जाते.

आता विहिरीपासूनच्या अंतराचा प्रश्न. सेप्टिक टाकीच्या पुढच्या व्यवस्थेविषयीच्या भारतीय मानकात शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा असे सांगितले आहे. हे अंतर उपयोगाचे आहे आणि ते पाळलेच पाहिजे. मात्र ते कशासाठी आहे हे समजून घ्यायला हवे. मातीतून हळूहळू झिरपताना जंतू गाळले जातात, उपाशी राहतात आणि मरतात, म्हणून त्यांच्यासाठी अंतर आणि वेळ हेच औषध आहे. नायट्रेट मात्र मरत नाही. अठरा मीटर चालले काय आणि ऐंशी मीटर चालले काय, वाटेत त्याला अडवणारे काही नसेल तर ते पाण्याबरोबर पोचतेच. अंतर वाढले की पोचायला उशीर होतो आणि पावसाच्या पाण्यात थोडे विरळ होते, एवढेच.

आमच्या जांभ्याने हा प्रश्न आणखी अवघड केला आहे. चिरेखाणीत उभा कापलेला जांभा ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातली नळकांड्यांसारखी भोके आणि त्यांतून ओघळणारे पाणी आठवेल. एवढ्या मोठ्या वाटा मिळाल्यावर पाणी मातीतून गाळले जात नाही, सरळ धावते. शिवाय वरच्या हातभर मातीखाली जांभ्यात सेंद्रिय पदार्थ जवळजवळ नसतात, आणि नायट्रेटचा निकाल लावणाऱ्या जिवाणूंना तर तेच खाद्य लागते. पावसाळ्यात पाण्याची पातळी इतकी वर येते की विहिरीतून हाताने पाणी घेता येते. त्या दिवसांत खोल खणलेला शोषखड्डा भूजलातच बुडालेला असतो, म्हणजे टाकीचे पाणी कोणत्याही कोरड्या मातीतून न जाता जंतूंसह सरळ भूजलात मिसळते. उन्हाळ्यात उलट असते: पातळी खाली गेलेली, माती कोरडी, हवा भरपूर, त्यामुळे अमोनियमचे पुरते नायट्रेट होते आणि ते खालच्या थरांत साचून पहिल्या जोरदार पावसाबरोबर खाली उतरते. जितका खड्डा खोल तितका चांगला ही जी समजूत आहे ती या दोन्ही कारणांनी जांभ्यात चुकीची ठरते. खोल खड्ड्यात पाणी लवकर जिरते, मालकाला समाधान वाटते, आणि जिथे सर्वाधिक जिवाणू व मुळे असतात तो वरचा मातीचा थर आपण स्वतःहून वगळलेला असतो.

पाऊस सगळे धुऊन नेतो असे पुष्कळ जण म्हणतात, म्हणून एकदा हिशेब करून पाहावा. चार माणसांच्या घरातून वर्षाला दहा-अकरा किलो नत्र निघते; थोडे कमी धरून दहा किलो घेऊ. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे त्यातले नुसते नत्र मोजले तर साधारण १०. दहा किलो नत्र या मर्यादेत बसवायला वर्षाला हजार घनमीटर पाणी हवे. त्यातले दीडशे घनमीटर सांडपाण्याचेच येईल. उरलेले साडेआठशे पावसाने द्यायचे. भूजलाच्या मोजणीत जांभ्यासाठी पावसाच्या सात टक्क्यांच्या आसपास पाणी जमिनीत मुरते असे धरतात; बाकीचे वाहून जाते. तीन हजार मिलिमीटर पावसाचे सात टक्के म्हणजे २१० मिलिमीटर. एवढ्या मुरण्यातून साडेआठशे घनमीटर मिळवायला चार हजार चौरस मीटर, म्हणजे एक एकर जागा लागते. एका कुटुंबाला एक एकर. आज कोकणात पाच गुंठ्यांचे प्लॉट पाडून विकले जातात आणि प्रत्येक प्लॉटवर स्वतःची विहीर किंवा बोअर, स्वतःची टाकी आणि स्वतःचा शोषखड्डा असे चित्र जाहिरातीत असते. पाच गुंठ्यांवर हाच हिशेब केला तर भूजलात मिसळणाऱ्या पाण्यातले नत्र मर्यादेच्या चौपट येते.

हा हिशेब ढोबळ आहे. शेजारच्या मोकळ्या रानातून येणारे पाणी त्यात धरलेले नाही आणि झाडे उचलतात ते नत्रही धरलेले नाही. पण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचा नियम पाहिला तर उत्तर जवळपास तेच निघते. तिथे नत्राच्या दृष्टीने नाजूक ठरवलेल्या भागांत, आणि जिथे विहीर व टाकी एकाच जागेत आहेत अशा ठिकाणी, साध्या टाकीच्या व्यवस्थेला एकरी दिवसाला ४४० गॅलन सांडपाण्याची मर्यादा आहे; त्यांच्या मोजणीप्रमाणे ते चार शयनखोल्यांचे एक घर होते. आपला पाऊस वेगळा, आपली माती वेगळी, आहार वेगळा, आणि तरी प्रमाण तेच येते ही बाब मला विचार करायला लावणारी वाटते.

नायट्रेटचा त्रास कोणाला होतो, हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या माणसांना मर्यादेच्या थोड्या वर गेलेल्या पाण्याने लगेच काही झाल्याचे दिसत नाही. धोका सर्वांत जास्त असतो तो सहा महिन्यांच्या आतल्या, वरचे दूध पाण्यात कालवून दिल्या जाणाऱ्या बाळांना. शरीरात नायट्रेटचे नायट्राइट झाले की ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास निकामी करते आणि बाळ निळसर पडते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये अशा बाळांचा संबंध विहिरीच्या पाण्याशी जोडून दाखवला आणि पुढच्या मर्यादा त्यातून आल्या. इथे एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी: पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात ते थोडे दाट होते. तुरटी, क्लोरीन, कँडलचा फिल्टर यांपैकी कशानेही ते निघत नाही, आरओने निघते. बाळासाठी काळजी म्हणून पाणी वीस-वीस मिनिटे उकळणारी आजी जंतूंपासून त्याला वाचवत असते, पण नायट्रेटपासून नाही.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभर तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे वीस टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि महाराष्ट्रात हे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक होते. यात रासायनिक खतांचा वाटा मोठा आहे हे उघड आहे आणि पठारावरच्या जिल्ह्यांची स्थिती कोकणापेक्षा बिकट आहे. तरी वाडीतल्या दाटीने उभ्या घरांच्या मधोमध असलेल्या विहिरीत नायट्रेट वाढते तेव्हा त्याचे कारण शेतात शोधत बसू नये. तपासणीत नायट्रेटबरोबर क्लोराइडही वाढलेले असेल आणि मैल्यातले जंतू सापडत असतील, तर संशय आधी टाक्यांवर घ्यावा. नमुना एकदा मे महिन्यात आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यावा. अहवाल हातात आला की आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेटमधल्या नत्राचा, हे विचारून घ्यावे, कारण दोहोंत जवळजवळ साडेचार पटींचा फरक असतो: बारा हा आकडा पहिल्या मापात निर्धास्त करणारा आहे आणि दुसऱ्या मापात मर्यादेच्या बाहेरचा.

आता नत्र काढायचे कसे. पाण्यातले नत्र नाहीसे करायचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याचे पुन्हा वायू करून हवेत सोडणे; हवेत तर ते अठ्ठ्याहत्तर टक्के आहेच. त्यासाठी जिवाणूंकडून दोन कामे क्रमाने करून घ्यावी लागतात. पहिले काम हवेतले: अमोनियमचे नायट्रेट. दुसरे काम बिनहवेचे: तिथल्या जिवाणूंना श्वासासाठी प्राणवायू मिळाला नाही की ते नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि नत्र वायू होऊन सुटते. दुसऱ्या कामाला आणखी एक अट आहे. या जिवाणूंना खायला कार्बन हवा. घरच्या सांडपाण्याची खरी पंचाईत इथे होते, कारण पाण्यातला कार्बन पहिल्या, हवेच्या टप्प्यातच खाऊन संपतो आणि नायट्रेट तयार होईपर्यंत पान रिकामे झालेले असते. म्हणून मोठ्या प्रकल्पांत पाणी पंपाने मागे फिरवून ताज्या मैलापाण्यात मिसळतात. घरगुती पातळीवर तेच छोट्या पंपाने करता येते, किंवा दुसऱ्या टप्प्यात बाहेरचा कार्बन ठेवता येतो.

पहिल्या टप्प्याविषयी कोकणातल्या माणसाने एक गोष्ट अधिक लक्षात घ्यावी. अमोनियमचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते. एक ग्रॅम नत्रामागे सात ग्रॅमहून अधिक, चुनखडीच्या मापात मोजलेली, क्षारता, म्हणजे आम्ल मारण्याची पाण्याची ताकद, खर्ची पडते. युरिया फुटताना त्यातली निम्मी परत मिळालेली असते, बाकीची पाण्यातच असावी लागते. देशावरच्या विहिरींचे पाणी जड असते, त्यांना अडचण येत नाही. जांभ्यातले पाणी मृदू आणि मुळातच किंचित आम्लधर्मी असते. त्यात क्षारता लवकर संपते, आम्लता वाढते आणि जिवाणूंचे काम मध्येच थांबते. हवा भरपूर देऊनही अमोनिया उतरत नाही असे दिसले की पंप बदलण्याआधी क्षारता तपासावी. किनाऱ्यावरच्या घरांना यावर उपाय हाताशी आहे: तिसऱ्यांची आणि कालवांची शिंपले फोडून वाळूच्या थरात मिसळली की ती हळूहळू विरघळत क्षारता पुरवत राहतात.

दुसऱ्या टप्प्यासाठी कार्बन म्हणून लाकडाचा भुसा वापरण्याची कल्पना कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात सांडपाण्याच्या शोषजमिनींवर आजमावली. टाकीतून जमिनीत उतरलेल्या पाण्याच्या वाटेत त्यांनी भुसा मिसळलेल्या वाळूचा थर पुरला. ऑन्टॅरिओतल्या लाँग पॉइंट येथला असा थर पंधरा वर्षांनंतरही नायट्रेट काढत असल्याचे त्यांनी मोजून दाखवले. भुसा लवकर संपेल ही भीती हिशेबातही टिकत नाही. एक किलो नत्रामागे किलोभराहून थोडा अधिक कार्बन लागतो, म्हणजे घराच्या वर्षाच्या दहा किलो नत्राला पंचवीस-सत्तावीस किलो लाकूड. आणि थरात तर ते काही क्विंटल असते.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर सफोक काउंटीत साडेतीन लाखांहून अधिक घरे सार्वजनिक गटारवाहिनीला जोडलेली नाहीत, आणि सगळ्यांचे पिण्याचे पाणी त्यांच्याच पायाखालच्या वाळूतून येते. तिथे २०१६ मध्ये नियम करून घरगुती व्यवस्थेतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला १९ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नत्र नसावे असे ठरवले आणि २०२१ च्या जुलैपासून नव्या घरांना अशी व्यवस्था सक्तीची केली. तिथल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठाने वर कोरी वाळू आणि खाली भुसामिश्रित वाळू असा दोन थरांचा साधा गाळणबेड पुढे आणला. यंत्रे नाहीत, फक्त पाणी थोडे थोडे सोडणारा पंप. मला हा बेड आपल्याकडच्यासाठी सर्वांत योग्य वाटतो, आणि एका बाबतीत तर तिथल्यापेक्षा इथेच तो चांगला चालावा, कारण थंडीत हे जिवाणू सुस्तावतात आणि आपल्याकडे जमीन बारा महिने उबदार असते.

भावाच्या घराचे काम निघाले तेव्हा असा बेड करायचे ठरवले. कातळ खणण्यात अर्थ नव्हता आणि पावसाळ्यात पाणी वर येते हे माहीत होते, म्हणून बेड जमिनीच्या वर बांधला. सहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशी चिऱ्यांची कंबरेच्या वर येणारी चौकट, आत शेततळ्याला घालतात तो जाड प्लास्टिकचा कागद. तळाला खडी आणि तिच्यात बाहेर जाणारा भोकांचा पाइप. त्यावर दीड फूट वाळू आणि भुसा, घमेल्याला घमेले या मापाने कालवून. मग थोडी बारीक खडी. मग दीड फूट नुसती धुतलेली वाळू, शिंपल्यांच्या चुऱ्यासह. सर्वांत वर टाकीचे पाणी शिंपडणारे भोकांचे पाइप, त्यावर खडी, कागद आणि उताराची माती, म्हणजे पावसाचे पाणी आत न शिरता बाजूच्या चरात जाईल. खरी किल्ली बाहेर जाणाऱ्या पाइपात आहे: तो बाहेरच्या चेंबरमध्ये वर वळवून भुशाच्या थराच्या माथ्यापर्यंत उचलला आहे. त्यामुळे खालचा थर सतत पाण्यात बुडालेला राहतो आणि वरचा मोकळा, हवा खेळणारा.

मिस्त्रींनी विचारले, “भुसा कुजला की सगळे खाली बसणार नाही का?” थोडे बसते, पण निम्मी वाळू आहे म्हणून थर ढासळत नाही आणि पाण्यात बुडालेले लाकूड फार हळू कुजते. वाळूवर मात्र आम्ही मनासारखा वेळ घालवला. नदीची वाळू सहज मिळत नाही, आणि क्रश सँडमध्ये दगडाची पूड इतकी असते की ती न धुता घातली तर बेड एका पावसाळ्यात तुंबेल. बादलीत मूठभर वाळू ढवळून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत ती धुतली. भुसा वखारीतून आणताना तो आईन, फणस, आकेशिया असा साध्या लाकडाचा पाहून घेतला. प्लायवूडचा किंवा औषध मारलेल्या लाकडाचा भुसा यात चालत नाही. पहिले काही महिने चेंबरमध्ये चहासारखे तपकिरी पाणी आले. तो लाकडाचा रंग आहे, पुढे उतरतो. नायट्रेटच्या चाचणीची पट्टी वरच्या वाळूखाली बसवलेल्या नळीतल्या पाण्यात बुडवली तर गडद गुलाबी होते आणि बाहेरच्या चेंबरमध्ये जेमतेम रंग धरते. चेंबरचे झाकण उघडल्यावर कधी कुजक्या अंड्याचा किंचित वास आला तरी घाबरायचे कारण नसते. नायट्रेट संपल्यावर जिवाणू सल्फेटकडे वळतात, त्याची ती खूण आहे. टाकीत दर आठवड्याला ॲसिडची बाटली ओतायची सवय मात्र बंद करावी लागली, कारण ते पुढे वाळूतल्या जिवाणूंपर्यंत पोचते.

बेडमधून निघणारे पाणी आम्ही केळींच्या आणि माडांच्या आळ्यांत सोडतो, उरलेसुरले नत्र मुळे उचलतील म्हणून. आणि इथे मनात एक प्रश्न येतोच. कोकणात पूर्ण वाढलेल्या माडाला वर्षाला सुमारे एक किलो नत्र द्यावे अशी शिफारस आहे, म्हणजे चार माणसांच्या घराचे नत्र दहा माडांना पुरेल एवढे असते. तेच आपण एकीकडे पैसे खर्चून हवेत घालवायचे आणि दुसरीकडे युरियाचे पोते विकत आणायचे, हे कितपत शहाणपणाचे? माझे मत असे आहे की ज्याच्याकडे बाग आहे आणि मनाची तयारी आहे त्याने लघवी मुळात वेगळी धरावी. निदान घराबाहेरच्या मुतारीची नळी टाकीला न जोडता बंद कॅनमध्ये घ्यावी. कॅन बंदच हवा, कारण युरिया फुटला की अमोनिया उडून जातो आणि वासही येतो. पाण्यात कालवून माडाच्या आळ्यात, मातीखाली द्यावी. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले ते याच भूमीत, त्यामुळे हा विचार आमच्याकडे परका नाही. पण आज लोक याला चटकन तयार होत नाहीत, हे मी रोज पाहतो, आणि ज्यांची बाग नाही त्यांना तो उपाय लागूही नाही, त्यांच्यासाठी बेड.

वनस्पतींचे पाणथळ बेडही अनेक जण सुचवतात. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेले फायटोरिड तंत्र याच जातीचे आहे. कर्दळ लावली म्हणजे ती नत्र शोषून घेते, असे जे सांगितले जाते ते थोडेच खरे आहे. छाटलेली पाने बाहेर नेली तरच तेवढे नत्र जाते. मुख्य काम तिथेही जिवाणूंचेच असते. पाणी आडवे वाहणाऱ्या खडीच्या बेडमध्ये हवा कमी पडते आणि अमोनियम तसेच राहते, म्हणून आधी उभा झिरपणारा आणि मग आडवा, अशी जोडी असेल तरच नत्राच्या दृष्टीने ते घ्यावेत.

यंत्राचा मार्ग पत्करलेल्या देशांत जपानचे उदाहरण सर्वांत शिकण्यासारखे आहे. तिथे घराच्या अंगणात पुरलेल्या, पंपाने हवा दिलेल्या टाक्यांना जोहकासो म्हणतात. त्यांच्यासाठी १९८३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, आणि २००१ पासून फक्त संडासाचे पाणी घेणाऱ्या नव्या टाक्या बंद करून घरातले सगळे सांडपाणी घेणाऱ्याच बसवायच्या असे ठरले. नत्र काढणारे प्रकारही त्यांत आहेत. पण टाकीपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती तिच्या मागची व्यवस्था: वर्षाला उपसा आणि वर्षाला तपासणी कायद्यानेच बांधलेली आहे. आपल्याकडे टाकी तुंबून अंगणात पाणी आले की मगच गाडी बोलावतात. वाई आणि सिन्नर या शहरांनी टाकी भरायची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी क्रमाने प्रत्येक घराची टाकी उपसायची पद्धत सुरू केली, ती म्हणूनच फार मोलाची आहे. टाकीतला गाळ वेळेवर निघाला नाही तर तो पुढे वाळूत येतो, आणि मग कितीही चांगला बेड असला तरी तो बुजतो.

प्लॉट पाडून विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांनाही माझे सांगणे एकच असते: रेखांकन करतानाच विहिरीची बाजू चढाला आणि सांडपाण्याची बाजू उताराला ठरवा. वीस घरांनी वीस शोषखड्डे खणण्यापेक्षा प्रत्येकाने आपापली टाकी ठेवावी, टाक्यांचे पाणी बारीक पाइपाने उताराच्या कडेला आणावे आणि तिथे सर्वांचा मिळून एक बेड करावा. घन पदार्थ टाकीतच राहत असल्याने हा पाइप चार इंचीपेक्षा लहानही चालतो आणि त्याला फार उतार लागत नाही. त्या बेडसाठी माणशी साडेतीन-चार चौरस मीटर जागा राखून ठेवावी, त्याची देखभाल सोसायटीच्या खर्चात लिहून ठेवावी, आणि विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटचा पहिला अहवाल घरे उभी राहण्याआधीच काढावा, म्हणजे पुढच्या प्रत्येक अहवालाची तुलना करायला काहीतरी हाताशी राहील.